सरून गेलेली इद्दत

"मौलवीसाहेब बोलले, इद्दत बसायची गरजच नाय." मुनाफ दारातूनच म्हणाला. चपला काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

चुलीपुढच्या त्याच्या आईने, शहाबानोने, हातातली भाकरी तव्यावर टाकली. "म्हंजे?"

"नवरा मरतो त्या दिवसापासून बाईचं सोगात बसनं मोजायचं. खबर कवा का येईना. बाई पोटुशी असली, तर बाळंत झाली की सरली. आपला जमाल गेला जूनच्या तीन तारखेला. पोर झालं ऑगस्टात. तवाच सरली."

पडद्याआड जमालची बायको साबिरा बाळाला पाजत होती. तिने हे सगळं ऐकलं. बाळाने मात्र ओढणं थांबवलं नाही.

लखोटा सकाळीच आला होता. पोस्टमास्तरांनी मुनाफला इंग्रजी मजकूर समजावून सांगितला. जमाल ज्या लढाऊ जहाजावर खलाशी होता, ते जपान्यांशी लढताना बुडालं. पाच महिने झाले. लखोट्यात साबिराचंच एक पत्र परत आलं होतं, न उघडलेलं. बाळाचा तळवा काजळात बुडवून तिने तो कागदावर उठवला होता. खाली लिहिलं होतं, "अंगठा बघा, तुमच्यासारखाच वाकडा."

जूनच्या तीन तारखेला आपण काय करत होतो, ते तिला आठवेना. भाकऱ्याच थापल्या असतील. पण इद्दत सरली तो दिवस तिला चांगला आठवत होता. त्या दिवशी सासूने पनवेलच्या त्या सबंध आळीत मलिदा वाटला होता. नंतर ईद आली. साबिराने मेंदी लावली. नखांच्या टोकांवर ती अजून लाल होती.

मुनाफ पाणी पिऊन ओट्यावर गेला, तशी ती बाहेर आली.

"अम्मा, मला बसू द्या."

"सरलेली इद्दत बसतात कुटं?"

"चार म्हैने दहा दिवस नकोत. चारच दिवस. कोपऱ्यात बसते. कुनाशी बोलायची नाय."

"परवा जुम्म्याला माज्या मैमुनाचं लगीन हाय. उरनची मानसं येनार. पोरीचं दोनदा मोडलंय. खबर बाहेर गेली तर अपशकुनी घर म्हनून तिसऱ्यांदा मोडतील." शहाबानोने निखारा मागे ओढला. "जुम्मा होईस्तोवर या घरात कुनाच्या डोळ्यांत पानी दिसता नये."

"मौलवीसाहेब 'रडू नका' असं नाय बोलले."

"मौलवीसाहेबाच्या घरी लगीन नाय."

"तुमचा पोरगा होता, अम्मा."

"आईला तीन दिवस असतात सोगाचे, रडायचे. तीन, चार आनि पाच जून. ते माजे पन गेले ना? आता कुनाकडं मागू?"

भाकरी टम्म फुगली. तिने ती टोपलीत टाकली आणि दुसरी थापायला घेतली.

दुपारी कासारीण गुणाबाई आली. आळीतल्या बायका जमल्या. मैमुनाचे दोन्ही हात भरून झाले, तशी गुणाबाईची नजर साबिरावर गेली.

"आन् ही का कोपऱ्यात? नवरा लढाईवरनं येईल तवा रिकामा हात दावशील व्हय गो? भर चांगल्या. आला का दोन दिवसांत फोडतोय का नाय बग सगळ्या!"

बायका खिदळल्या. साबिराने हात बाळाच्या दुपट्याखाली घेतला.

"भर हिला," शहाबानो म्हणाली. "हिरव्या भर."

तिने स्वतः बाळाला उचललं आणि सुनेचा हात ओढून गुणाबाईपुढे धरला. गुणाबाईने सवयीने लग्नातलं माप काढलं. पण बाळंतपणानंतर हात भरला होता. पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. गुणाबाईने साबण लावून रेटली आणि साबिराच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. गप्पा थांबल्या. शहाबानोने डोळे वटारले.

"बांगडी घट हाय, अम्मा," साबिरा घाईने म्हणाली.

"अगो, मग मोटं माप काडते की," गुणाबाई म्हणाली.

"नको. हेच ऱ्हावू दे."

बारा बांगड्या. एकेकीला वेळ लागत होता. साबिराने घाई केली नाही. हुंदका आला की ती "आई गं" म्हणायची, आणि बायका म्हणायच्या, केवढी नाजूक ही! आजीच्या खांद्यावरून बाळ त्या किणकिणणाऱ्या हिरव्या काचेकडे टकमक बघत होतं.

शेवटची बांगडी चढली. गुणाबाई पसारा आवरू लागली, तेव्हा शहाबानोने बाळ साबिराच्या मांडीवर दिलं आणि तिच्या जागी येऊन बसली.

"मला बी भर. हिच्याच मापाच्या."

"येडी का काय तू? हात बग तुजा केवढा! रगत निगंल."

"निगू दे. भर."

गुणाबाईने तो राबलेला जाड हात मांडीवर घेतला, अंगठा मुडपला, साबण चोळला आणि बांगडी रेटली. शहाबानोने तोंड उघडलं आणि ती लहान पोरासारखी मोठमोठ्याने रडू लागली.

"बगा गो, म्हातारीला या वयात नटायची हौस!" कुणीतरी म्हणालं.

बायका पोट धरधरून हसल्या.