पलंगाखालचं गाव

पेसाहच्या सणात आम्हा ज्यूंना पाव वर्ज्य, म्हणून त्याआधी आमच्या जेरुसलेममध्ये घराघरांतून पावाचा कण न् कण हुडकून बाहेर काढतात. माझी कंबर आता वाकत नाही, म्हणून मी नणंदेला मदतीला बोलावलं. तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

फ्रूमावन्सं ऐंशीच्या, माझा नवरा एल्याकिम त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. पोलंडमधल्या त्यांच्या अख्ख्या गावातून लढाईतल्या नाझी कत्तलीनंतर ही दोनच माणसं उरली. वन्सं देवभक्त. भावाने प्रार्थना सोडली आणि धर्मग्रंथांच्या हिब्रूत कविता लिहायला घेतल्या, तेव्हापासून त्यांचा एकच टोमणा, "देवाला सोडलंस ते सोडलंस, वर त्याची भाषाही घेऊन पळालास!"

त्या भाषेत त्याने कवितांची सात पुस्तकं लिहिली, चार कादंबऱ्या लिहिल्या. हारतुरे पुष्कळ मिळाले, वाचक बेताचेच. पाचवी कादंबरी नऊ वर्षं चालली होती. तिच्यात ते पुसलं गेलेलं गाव होतं, गल्लीमागून गल्ली, घरामागून घर, प्रत्येक माणूस खऱ्या नावानिशी. शेवटचं पान झालं आणि त्याच हिवाळ्यात त्याचे डोळे गेले. टंकलेखिका सणानंतर येणार होती. तोवर ती एकुलती एक प्रत तीन खोक्यांत भरून आमच्या पलंगाखाली होती.

"वन्सं, पलंगाखालचं सगळं काढा हो," मी स्वयंपाकघरातून ओरडले. मला धूळ म्हणायची होती.

वन्संनी खोके उघडले. चुरगळलेले कागद, खाडाखोड, चहाचे डाग. त्यांना वाटलं, रद्दी. पण गावातली माणसं उठता-बसता प्रार्थना करणारी, त्यामुळे पानापानावर देवाचं नाव होतं, पूर्ण अक्षरांत. असा कागद आमच्यात कचऱ्यात टाकत नाहीत, माणसासारखा जमिनीत पुरतात. त्यासाठी सिनेगॉगच्या, आमच्या प्रार्थनामंदिराच्या, दाराशी मोठी पेटी असते. त्या म्हातारीने पुण्यकर्म समजून तीन खेपा घातल्या आणि तिन्ही खोके त्या पेटीत रिकामे केले.

तिसऱ्या दिवशी एल्याकिम पलंगाखाली चाचपडताना दिसला. "झिल्ला, खोके कुठायत गं?"

वन्संनी काय केलं ते विचारून घेतलं आणि त्याचा हात धरून मी सिनेगॉग गाठलं.

सिनेगॉगचा सेवक झेराख म्हणाला, "आजोबा, कालच पुरले सगळे कागद. एक रब्बी वारले, त्यांच्याच कबरीत पोती ठेवली. केवढा मान तो!"

"उघड ती कबर."

"माती लोटलेली कबर? आजोबा, शुद्धीवर आहात ना?"

एल्याकिमने मोठ्या रब्बींकडे, शहरातल्या मुख्य धर्मगुरूंकडे, दोनदा माणूस धाडला. दोन्ही वेळा उत्तर आलं, कबर उघडायची नाही. मग आम्ही दोघींनी त्याला कबरीपाशी नेलं. तो खाली बसला आणि माती हाताने दाबून पाहू लागला.

वन्सं हुंदके देत म्हणाल्या, "एलू, असं करू नको रे. आपल्या माणसांना कुठे कबर मिळाली होती? आता मिळाली असं समज."

"ताई, त्या कागदांवर ती जिवंत होती. तू पुरलंस त्यांना."

'सगळं काढा' असं सांगणारी मी होते, हे तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. आजवर बोललेले नाही.

सण झाला. टंकलेखिका आली, तेव्हा तो म्हणाला, "मी सांगतो, तू उतरव." वन्सं कोपऱ्यात बसल्या होत्या.

"बेकरीवाल्याच्या तीन मुली. थोरली..." तो थांबला. "थोरलीचं नाव काय गं ताई?"

"चाळीस वर्षं देवाकडे मागतेय, एलू, की विसरू दे. त्याने ऐकलं माझं."

"मी तर नाव पानावर उतरलं की डोक्यातून सोडून द्यायचो. वाटायचं, आता ती तिथे सुखरूप आहेत." मग त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. "झिल्ला, तुला तर रोज दुपारी वाचून दाखवायचो. एक नाव सांग. एकच."

रोज दुपारी तो वाचायचा आणि मी कांदा परतत 'हं, हं' करायची. मी डोकं पिळून काढलं. त्याचा आवाज आठवला, तो कुठे खोकायचा तेही आठवलं. नाव एकही आठवलं नाही.

मग तो टंकलेखिकेला म्हणाला, "यंत्र झाक, मुली. जा घरी."