नाका बंद व्हायच्या आधी

दोघा भावंडांचं लहानपणापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. थोरली साथरोग कार्यालयात अधिकारी, तर धाकट्याच्या बसगाड्या सीमेपलीकडे ये-जा करायच्या. पलीकडच्या शहरात तापाची साथ पसरली आणि एकाचं काम दुसऱ्याच्या मुळावर उठलं.

तिकडे किती आजारी, तिकडून किती माणसं कुठल्या वाटेने येतात, आणि साथ आलीच तर इकडे खाटा आहेत का, हे तोलून थोरलीने धोका कमी, मध्यम की जास्त ते सांगायचं. 'जास्त' म्हटलं की सीमेवरचा नाका बंद. नियम मात्र कडक: कुलूप लागेपर्यंत बातमी घरच्यांनाही कळता कामा नये. बंद होणार म्हटलं की लोक पळत सुटतात, आणि त्यांच्याबरोबर साथही. हा ताप तर महालबाड. अंग तापायच्या आधीच माणूस तो वाटत फिरायचा. नाक्यावरची थर्मामीटरं नुसती मनाच्या समाधानाला.

शनिवारी थोरलीने 'जास्त' लिहून दिलं. सोमवारी सकाळी नाका बंद व्हायचा होता. आई तेव्हा पलीकडे, मावशीकडे. थोरलीने तिला फोनवर एवढंच बजावलं, "दार लावून घरात बस. कुणालाही उघडू नकोस." आईने हो म्हटलं, आणि आई शब्दाची पक्की.

रविवारी दुपारी धाकटा तणतणत आला.

"तुमच्या साहेबांना सांग, माझ्या गाड्या थांबवायचं मनातही आणू नका."

"ऑफिसचं मला विचारू नकोस."

"विचारतंय कोण? सांगतोय. ताप काय, दरवर्षी येतो. तुम्हाला खुर्च्या टिकवायला साथ लागते."

"आणि तुला गाडी भरायला माणूस लागतो. मग तो खोकत का असेना!"

थोरलीची मुलगी उठून आत गेली. आईचं आणि मामाचं भांडण तिला तोंडपाठ होतं.

"उद्या आई तिकडे अडकली, तर तू इथे आकडे मांडत बसशील," धाकटा म्हणाला. "बाबा गेले तेव्हाही ऑफिसातच होतीस. तुला काळीजच नाही. आईसुद्धा हेच म्हणते."

हे वर्मी लागलं. आई खरंच तसं म्हणाली होती की हा मनचं सांगत होता, कुणास ठाऊक. थोरलीचा तोल गेला.

"जा, पळव काय गाड्या पळवायच्या त्या! उद्या सकाळपासून नाका बंद. मग बघते एक तरी चाक कसं हलतं ते!"

धाकटा उठला, आणि नेहमीसारखं दार न आपटता हळूच लावून गेला. थोरलीला तेवढ्यावरूनच उमगायला हवं होतं. साहेबांना सांगावं म्हणून तिने फोन उचलला, पण नोकरी आठवली आणि ठेवून दिला. रागात एक वाक्य गेलं, त्याने काय होतंय? जगाचे धोके तोलणाऱ्या बाईने आपल्या घरातला धोका 'कमी' धरला.

सोमवारी ती कामाला निघत होती तोच बेल वाजली. दाराच्या भिंगातून धाकटा दिसला आणि त्याच्यामागे पिशवी धरलेली आई.

"उघड, ताई!" धाकटा खुशीत होता. "सगळ्या गाड्या तिकडे पाठवल्या. उभ्यानेसुद्धा माणसं आली. एवढ्यापुरते तुझे उपकार."

थोरलीचा हात कडीवरच राहिला. "आई, शेजारी कोण होतं ग बसमध्ये?"

"होती एक बाई. खोकून खोकून दमली, शेवटी माझ्याच खांद्यावर झोपली. पण मला ताप नाही हं, नाक्यावर बघितलं त्यांनी."

"आजी!" मुलगी धावत आली. थोरलीने तिला दंडाला धरून असं मागे खेचलं की पोर रडायलाच लागली.

"आई, तोंडावर रुमाल धर आणि जिन्यातच बस. मी अँब्युलन्स बोलावते."

"जिन्यात बसायला मी काय भटकं कुत्रं आहे?"

"बघितलंस?" धाकटा म्हणाला. "म्हटलं नव्हतं? काळीज नाही."

थोरलीने साहेबांना फोन लावला. "साहेब, कालपासून पलीकडून आलेल्या बसगाड्या शोधा, सगळ्या. माणसं घरोघरी पोचलीसुद्धा असतील. हो, बातमी फुटली. माझ्याच तोंडून."

बाहेरून आई दाराला तोंड लावून, रडवेल्या आवाजात म्हणाली, "दार लावूनच बसले होते ग मी. मावशीलाही उघडू दिलं नाही. हा म्हणाला, ताईनेच पाठवलंय. म्हणून उघडलं."