उकळत्या पाण्यातले अनारसे

माझ्या नवऱ्याने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उकळत्या पाण्यात घातला, त्याच दिवशी मी सावध व्हायला हवं होतं. पण मी हसले आणि विषय सोडून दिला. त्याची शिक्षा मला १९५८च्या अधिक श्रावणात मिळाली.

नवऱ्याचं नाव ज्योतीराम. एरवी मी उखाण्याशिवाय नाव घेत नाही, पण लिहिताना कुणी ऐकत नसतं. आम्ही मूळचे संगमेश्वराकडचे. पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला, यांना बाटल्या धुण्याच्या खात्यात नोकरी लागली, म्हणून गावात दोन खोल्या घेऊन राहिलो. तोवर हा माणूस वहाळाचं पाणी ओंजळीने पिणारा. खात्यातल्या साहेबाने एकदा काचेखाली जंतू दाखवले आणि आमचे हे कामातून गेले. घरात पाऊल टाकलं की आधी चुलीवर आधण. चमचे उकळ, विळी उकळ, माझा कंगवा उकळ. कंगवा वाकडा झाला तो झालाच. शेजारची शमीम, सायकलवाल्या बरकतची बायको, मला म्हणायची, "भाभी, चुलीपासून जरा लांबच राहा. एखाद्या दिवशी तुम्हालाही आधणात टाकतील."

आमची एकुलती एक मुलगी इंदू. तिला आदल्या वर्षीच्या वैशाखात माणला दिली. माण आमच्यापासून आठ-नऊ मैलांवर. तेवढ्या अंतरावरून सव्वा वर्षात ती माहेरी दोनदा आली, तीही सकाळी येऊन संध्याकाळी परत. जावई रंगराव सोन्यासारखा, पण घरात शब्द चालायचा त्यांच्या आईचा, सावित्रीबाईंचा. मुलीला चार दिवस पाठवा म्हटलं की निरोप यायचा, "भाताची लावणी हाय." लावणी झाली की खुरपणी, खुरपणी झाली की कापणी. मला दुपारी एकटीने जेवताना घास उतरायचा नाही. हे तेव्हा मी यांनाही सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगते.

तर इंदूच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. वाणाचा पदार्थ जाळीदार हवा, म्हणून अनारसाच. सावित्रीबाईंनी मंगळवारी गडी पाठवला. त्याच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि तोंडात निरोप, "रविवारी आमी तिघं येतो. आमच्याच रानातले तांदूळ हायेत, ह्याचेच अनारसे करा. वाण नीट झालं तर इंदूला महिनाभर ठेवून जाऊ. न्हाई झालं तर संगं न्हेऊ."

महिनाभर! मी गाठोडं छातीशी धरून उभीच राहिले. मग बोटं मोजली आणि बाईंचा कावा कळला. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत सुकवून ओलसर असतानाच कुटायचे, गूळ घालून पीठ चार-पाच दिवस मुरू द्यायचं. मंगळवारी तांदूळ पाठवून रविवारी अनारसे मागणारी बाई परीक्षा घेत होती. लग्नात आमच्या लाडवाने त्यांची एक दाढ हलली होती, आणि तो राग अजून शाबूत होता. म्हटलं, बघतेच. पीठ एका रात्रीत मुरवीन, पण तेहतीस अनारसे ताटात मांडीन. सगळेच्या सगळे तांदूळ भिजत घातले.

बुधवारी सकाळी खडकीहून माझा भाऊ धापा टाकत आला. भावजयीला कळा सुरू झाल्या होत्या आणि घरात बाईमाणूस नव्हतं. जावं लागलं. निघताना यांना पातेल्यासमोर उभं केलं.

"या तांदळाचं पाणी रोज बदलायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. समजलं?"

"अगं, पाणी बदलणं हेच तर माझं काम आहे," हे छाती फुगवून म्हणाले. "कारखान्यात साहेब माझं नाव घेतो."

शनिवारी दुपारी भाच्याचा जन्म उरकून परत आले. पातेल्याच्या कडीला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला होता. त्यावर तारीख, वेळ आणि खाली सही, अशा नऊ ओळी. झाकण काढलं. आत तांदूळ नव्हते. आंबट वासाचा, फुगलेला, अर्धवट शिजलेला पांढरा गोळा होता.

"रोज बदला म्हणाले होते मी! नऊ वेळा कशाला?"

"तीन शिफ्ट, तीन वेळा," हे म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी वास यायला लागला. आंबट वास म्हणजे जंतू. मग गार पाणी घालून कसं चालेल? उकळतं घातलं."

पुढची दहा मिनिटं मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. यांच्या आईवडिलांपासून सुरुवात केली आणि कारखान्याच्या साहेबापर्यंत आले. भिंतीपलीकडे शमीमच्या घरातलं भांड्यांचं वाजणंही थांबलं होतं.

"वाण्याकडून दुसरे तांदूळ आणू?" यांनी हळूच विचारलं.

"आणा की. आणि ते तीन दिवस भिजवायचे कधी? गेल्या बुधवारी?"

हे खाली बसले. कडीचा पुठ्ठा सोडून हातात घेतला आणि म्हणाले, "म्हणजे इंदू राहणार नाही?"

त्या आवाजाने माझा निम्मा राग उतरला. मला वाटायचं, जेवताना घास फक्त माझाच अडतो.

हातपाय गाळून भागणार नव्हतं. गोळा फडक्यात पिळला, पाट्यावर वाटला, गूळ मिसळला, आणि संध्याकाळी एक अनारसा थापून तुपात सोडला. तो तुपात गेला आणि दिसेनासा झाला. कढईत नुसता तपकिरी फेस. दुसरा सोडला, तोही पहिल्याला भेटायला गेला. मी झारा आपटला. हे मदतीला म्हणून पुढे आले आणि पाटा धुतलेलं कोमट पाणीही त्याच पिठात ओतून बसले. "वाया कशाला घालवायचं," म्हणे. आता अनारशाचं नावच नको. अन्न टाकवत नाही, म्हणून पातेलं चुलीच्या उबेला सरकवलं आणि मी तोंड फिरवून पडले.

रविवारी सकाळी उठून बघते तर पातेल्यावरचं झाकण वर उचललेलं. पीठ फुगून काठाला आलं होतं आणि त्यावर बारीक बुडबुडे फुटत होते. मी बोट बुडवून चाटलं. गोड, किंचित आंबट, आणि तांदळाचा घमघमाट. ही चव माझ्या ओळखीची होती. माझी आई श्रावणात गुळाच्या आंबोळ्या घालायची, त्यांचं पीठ असंच वर यायचं. मी बिडाचा तवा चढवला, वांग्याच्या देठाने तेल फिरवलं आणि पळीभर पीठ ओतलं. बघता बघता वर भोकं पडायला लागली. एक, दोन, मग सगळीकडेच. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी!

"अहो, इकडे या! जाळी पडली!"

हे आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे माझ्या पाण्यामुळे झालं." खोटं नव्हतं, पण त्या घडीला मी ते कबूल करणार नव्हते. त्यांना फुंकणी देऊन चुलीपाशी बसवलं आणि बजावलं, "आधण ठेवलंत तर याद राखा."

चाळीस घातल्या. सात फाटक्या निघाल्या. उरलेल्या तेहतीस पितळी ताटात रचल्या, वर दिवा ठेवला, आणि दारात छकडा थांबला.

इंदू उतरली. वाळली होती. माझ्याकडे बघून हसली आणि लगेच सासूमागे उभी राहिली. सावित्रीबाई आल्या त्या सरळ ताटापाशी. पुरणाचे धोंडे, आमटी, भजी, कशाकडे बघितलं नाही.

"इहीणबाई, ह्यो अनारसा न्हवं."

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता. "आमच्याकडची गुळाची आंबोळी आहे. अनारसे बिघडले. चूक आमची आहे."

"माझी आहे," हे मागून म्हणाले. "मी तांदळात उकळतं पाणी घातलं. पाणी बदललं नऊ वेळा."

रंगरावांनी मिशीवर हात ठेवून हसू दाबलं. सावित्रीबाईंनी यांच्याकडे असं बघितलं की हे दाराच्या चौकटीला टेकले.

"वाणाला काय लागतं, बाई?" मी धीर करून विचारलं. "जाळीच ना? मोजून घ्या, अनारशाच्या दुप्पट आहे. अनारसाही एकाच बाजूने तळतात, हीसुद्धा एकाच बाजूने भाजलीय. तांदूळ तुमचेच."

"त्ये वासावरनं वळाकलं म्या." त्यांनी एक आंबोळी उचलली, उजेडात धरली, जाळीतून पलीकडे माझ्याकडे बघितलं. मग तुकडा मोडून तोंडात टाकला. चावायला काही नव्हतंच, तो विरघळला. दुसरा तुकडा. मग अख्खी दुसरी.

"आये, वाण हाय त्ये," रंगराव कळवळून म्हणाले. "तेहतीस पायजेत."

"गप ऱ्हा. फाटक्या असतील की आत. इंदे, मांड त्या हितं." वाणातल्या दोनच्या जागी दोन फाटक्या आल्या. तिसरी, फाटक्यांतलीच, खाऊन झाल्यावर त्यांनी बोटं चाटली. "आमच्या इंदीला येतंय का हे?"

इंदू दहा वर्षांची असल्यापासून आंबोळ्या घालते. माझ्यापेक्षा बऱ्या घालते. तिने तोंड उघडलं, आणि मी परातीआडून तिच्या पायावर पाय दिला.

"नाही येत, आत्याबाई," इंदू खाली मान घालून म्हणाली. "काहीच येत नाही."

"मग शिकून ये. किती दिस लागत्यात?"

आमचे हे सत्यवचनी. लगेच पुढे झाले. "तसं काही नाही, रात्री भिजवलं की सकाळी..."

"महिना!" मी ओरडले. "निदान एक महिना. हाताला वळण लागायलाच पंधरा दिवस जातात."

"महिना लागतो," हे घाईघाईने म्हणाले. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले आणि कान लाल करून परसात निघून गेले.

जेवणं झाली, वाण दिलं, रंगरावांनी आंबोळ्यांच्या ताटाला हात जोडले. निघताना सावित्रीबाईंना मी कुंकू लावायला गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि आवाज खाली आणला.

"इहीणबाई, माजी धाकली जाव तुमच्याच मुलखातली, देवरूखची हाय. आंबोळी मला बी येती. रात्री भिजवायची, सकाळी घालायची, येवढंच."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पर माजी लेक गंगू नांदायला गेली, तिची सासू दोन वरसं झाली धाडत न्हाई," त्या म्हणाल्या. "परातीआडून इंदीच्या पायावर पाय दिलात, त्यो दिसला मला. गंगूसाठी म्या बी दिला असता. महिना म्हंजी महिना. येक दिस जास्ती न्हाई."

मी वाकून त्यांच्या पाया पडले. वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान होत्या.