खंडोबापाशी ठेवलेली काडतुसं

मल्हारराव जमादारांनी झाडलेली गोळी पोलादी पत्र्यात अडकते आणि मैदानावरच्या पहारेकऱ्याने झाडलेली आरपार जाते, हे भालचंद्र टोकेकराने स्वतः पाहिलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. पत्रा तोच, रायफल तीच, अंतरही तेच. मग पाणी मुरत होतं कुठे?

कंपूपलीकडे, म्हणजे लष्करी वस्तीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी ग्वाल्हेरच्या फौजेचं चाचणीचं मैदान होतं. परीक्षेची गोळी जमादारांनी झाडायची; ती पत्र्यात किती शिरली हे मोजायचं आणि पत्रा पास की नापास ते सांगायचं, ही भालचंद्राची नोकरी. महायुद्ध ऐन भरात होतं. ठेकेदार दौलतसिंहाच्या पत्र्याने मढवलेल्या चिलखती गाड्या उद्या आघाडीवर निघायच्या होत्या, आणि पहिली गाडी चालवणार होता सूर्याजी, मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा.

घोडं अडत होतं ते इथेच. बाप लाच खाऊन पोटच्या पोराला फसव्या पत्र्याआड बसवील? पण दौलतसिंहाकडून जमादारांच्या घरी आंब्यांची टोपली गेल्याचं सगळ्या कंपूला माहीत होतं. त्यात काल त्यांच्या काडतुसांवर पिवळी भुकटी दिसली. काडतुसं उघडून आतली दारू कमी केली असणार! भालचंद्राने आगापिछा पाहिला नाही. सकाळी उठून तो थेट मेजर मानसिंगरावांच्या कानाला लागला.

"साहेब, जमादार काडतुसांत गडबड करतात."

"देखता हूँ," मेजर एवढंच म्हणाले.

आता पुरावा हवा. भालचंद्र मल्हाररावांच्या मागावर निघाला. म्हातारा गल्लीतल्या खंडोबाच्या देवळात शिरला, तसा हाही वाळ्याचा ओला पडदा सारून आत घुसला. दगडी गाभाऱ्यात, देवापुढच्या ताटात, काडतुसं मांडलेली होती. त्यांच्यावर भंडारा उधळलेला होता.

"या टोकेकर, दर्शन घ्या," मल्हारराव म्हणाले. "आमच्या घरची रीत आहे. परीक्षेचं काडतूस रात्रभर देवापाशी ठेवायचं, म्हणजे गोळी खोटं बोलत नाही. आणि ही तर सूर्याच्या गाडीची परीक्षा. इसमें कसर नहीं चलेगी."

पिवळी भुकटी म्हणजे हळद होती तर! शरमून भालचंद्राने एक काडतूस उचललं. काडतूस माठासारखं गार होतं. पहारेकऱ्याची काडतुसं दिवसभर कमरेच्या पट्ट्यात, ज्येष्ठाच्या उन्हात भाजत असायची. दारू गार असली की गोळीचा वेग घटतो, हे तो कॉलेजात शिकला होता आणि खुशाल विसरला होता.

"जमादारसाहेब, लगेच मैदानावर चला."

तिथे त्याने ताटातली थोडी काडतुसं तापल्या दगडावर ठेवली आणि बाकीची ओल्या फडक्यात गुंडाळली. मल्हाररावांनी आधी गार काडतूस झाडलं. गोळी पत्र्यात रुतली. मग तापलेलं झाडलं. गोळी आरपार गेली.

मल्हारराव पत्र्याजवळ गेले. त्यांनी भोकात करंगळी घातली आणि कितीतरी वेळ काढलीच नाही.

"रणात शत्रूची काडतुसं गाभाऱ्यात कोण ठेवणार?" अखेर ते म्हणाले. "मीच पास करवला हा पत्रा. माझ्या हातानं. टोकेकर, गाड्या रोखल्या पाहिजेत. मेजरसाहेबांना मी सांगतो, गलती माझी आहे."

तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून मेजर मानसिंगराव आत आले. मागे दोन शिपाई होते.

"बघा, न बोलावता आले! खंडोबा पावला." मल्हाररावांनी फेटा सारखा केला आणि भालचंद्राचा हात धरला. "तुम्हीपण साथ चला. मी अडाणी माणूस. तुमच्या शब्दाला त्यांच्याकडे वजन आहे."

भालचंद्राला सकाळची स्वतःची तक्रार आठवली. मागच्या शिपायाच्या हातात बेड्या होत्या, आणि मल्हारराव आनंदाने त्याच दिशेला झपाझप निघाले होते.