ह्यांनी उन्हावर रांधलं

बुधवारी सकाळी आमचे हे शेवाळाचे झाले. कपाळापासून टाचांपर्यंत हिरवेगार आणि मऊ. मी बांगडे साफ करत होते, त्यामुळे मला आधी रागच आला. बुधवारी आमच्या आंबोलीच्या खाणावळीत मरायला फुरसत नसते.

"अहो, पान वाढलंय," मी दुपारी हाक मारली.

"माझं झालं जेवण," हे खिडकीत बसून म्हणाले.

"कधी? कुणाकडे?"

"इथंच. सकाळचं धुकं अंगानं प्यायलो. मग ऊन आलं. थोडा वारा घेतला आणि आतल्या आत रांधलं."

"चुलीशिवाय?"

"चूल लागत नाही गं."

बाई बाई! एकतीस वर्षं मी ह्या माणसाला वाढलं. आमच्यात प्रेमाचं बोलणं कधी झालं नाही. हे "भात घाल" म्हणायचे, मी घालायचे, तेवढाच आमचा संसार. आता भातच नको म्हटल्यावर मी ह्यांची कोण? मला रडू फुटलं. मग म्हटलं, रडते कशाला मेली, अंगानं जेवतात तर अंगाला वाढावं. बांगड्याची आमटी घेतली, कोमट केली आणि ह्यांच्या पाठीवर पळी पळीनं घातली.

पाठ तपकिरी पडली. हे आक्रसले, पापडासारखे कुरकुरीत झाले.

"मीठ..." एवढंच म्हणाले.

"वहिनी, भात!" पहिल्या बाकावरून परब ओरडले. एसटीत कंडक्टर आहेत, रोज आमच्याकडेच जेवतात.

"भात कसला घेऊन बसलात! माणूस सुकलंय माझं!"

परब उष्ट्या हातानंच धावले. मागच्या पिंपातलं पावसाचं पाणी त्यांनी बादलीभर आणलं. आम्ही ओतत राहिलो. खारट पाणी वाहून गेलं, स्वच्छ पाणी उतरलं, तसं ह्यांच्या अंगावरचं एकेक इवलं पान उघडलं. मी देवाला नारळ बोलले, मग दुसराही बोलले.

"कसं झालंय?" मी भीत भीत विचारलं.

"पाण्याला चव आहे," हे म्हणाले.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा! मी लाजले, परबांच्या देखत. परब हसले आणि हात धुवायला गेले. अंगणातलं बेसीन आता दाराच्या आत आलं होतं. खाणावळ आखडत चालली होती. बाक चुलीला टेकले, चूल खिडकीला टेकली. मला ते सोयीचंच वाटलं, उठबस वाचली. गिऱ्हाइकांनी बाह्या सारल्या आणि दंड उन्हात धरून बसली.

"वहिनी, आज ऊन फस्क्लास आहे," कुणीतरी म्हणालं.

मी ह्यांच्या शेजारी टेकले, पाठीवर हात ठेवला. गार होती, बरं वाटलं. मन कसं हलकं झालं. तळव्याखाली बारीक तपकिरी तंतू लागले.

"हे कसले हो? ह्यातून पण जेवता?"

"छे. त्यातून कुणी जेवत नाही. ते नुसतं धरून राहायला."

"वहिनी, दूध उतू चाललंय!" परब म्हणाले.

मी उठायला गेले. हात निघेना.

"अहो, सोडा ना, लोक बघतायत."

"मी कुठं धरलंय?" हे म्हणाले.

मी तळवा जरासा उचलून पाहिला. तंतू माझ्या हातातून निघून ह्यांच्या पाठीत चालले होते, आणि दूध चुलीवरून खाली यायला लागलं होतं.