देव्हाऱ्यातला शिक्का

अमळनेरला स्टेशनामागे द्रौपदाबाईची कातड्यांची वखार होती. मीठ लावलेली बकऱ्यांची कातडी मद्रासला जात, तिथून बोटीने परदेशी. नवऱ्यामागे हा पसारा तिने एकटीने ओढला. मिठाने बोटं चिरली, पण कुणापुढे पदर पसरला नाही. तोरा एकाच गोष्टीचा : वाल्मीक. पोरगा गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली होता, वर्षाचा कोर्स केलेला. गाव त्याला डॉक्टर म्हणे. मायने वखारीवर तशी पाटीच रंगवून घेतली.

आता नवा नियम निघाला. परदेशी जाणारा माल निरोगी असल्याच्या दाखल्यावर पदवीवाल्या, कौन्सिलात नाव असलेल्या डॉक्टरचीच सही चालणार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जळगावहून डॉक्टर लताबाई माल बघायला आल्या.

"गठ्ठे सोडा," म्हणाल्या.

द्रौपदाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. "सोडानं काय काम? बठ्ठा माल मना वाल्मीक देखस. डॉक्टर शे तो."

"डॉक्टर नाहीत ते, आजी. त्यांना दाखला देता येत नाही."

वाल्मीकने मान खाली घातली. मायला तेच झोंबलं.

"येत नही? तू परकरमा व्हती तवयपासून तोच दी ऱ्हायना!"

"माय, चूप ऱ्हाय."

"कसाले चूप? मोठा साहेब बदलीवर गया, काम अडनं का? सही भी यानीच. साहेबपेक्षा झोकदार!"

लताबाईंनी चष्मा काढून पुसला. "साहेबांची सही? शिक्क्यासकट?"

वाल्मीक पुढे झाला, पण माय तोवर तरातरा आत देव्हाऱ्याकडे गेलेली. येताना हातात पूजेची ताटली. ज्यावर घर चालतं ते दसऱ्याला पुजायचं, ही सासूपासूनची रीत. ताटलीत सुरी, तराजूचा काटा, वाल्मीकची इंजेक्शनची सुई आणि बदलून गेलेल्या साहेबांचा गोल शिक्का. शिक्क्याला कुंकवाचं बोट, वर झेंडूची पाकळी.

"ले. देख मना पोऱ्याना मान."

लताबाईंनी शिक्का कुंकवासकट रुमालात गुंडाळला. आवाज चढवला नाही. "हा सरकारी कपाटात हवा होता, आजी."

मग त्यांनी एकेक गठ्ठा सोडायला लावला. एक कातडं खराब निघालं नाही. दाखला तिथल्या तिथे मिळाला. खोटी सही मारायची गरजच नव्हती. एवढं द्रौपदाबाईला कळलं, आणि तेच घशाखाली उतरेना.

वाल्मीकची नोकरी गेली. चौकशीत त्याने मायचं नाव घेतलं नाही. घरी तिच्याशी बोललाही नाही. एका सकाळी शिडी लावून वखारीच्या पाटीवर चढला आणि ‘डॉक्टर’वर डांबर फासू लागला.

द्रौपदाबाई ओट्यावरून बघत होती. खाली रस्त्यावर दोन-चार बाया थांबल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"नीट लाव," ती वर बघून ओरडली. "अक्षर दिसाले नको."

वाल्मीकने ब्रश डांबरात पुन्हा एकदा बुडवला.