जट

सायखेड्याच्या शाळेत जायची वेळ होत आली होती. लंकाबाईने लेकीला, वेदिकाला, पुढ्यात बसवून केसांत फणी घातली. टायफॉईडने पोर महिनाभर अंथरुणाला खिळली होती. केसांना ना तेल, ना पाणी. कानामागे फणी अडकली. लंकाबाई गुंता सोडवू लागली, तोच सासूने, सुलाबाईने, फणी हिसकावली.

“हात नको लावू! जट हाय ती. देवी आली घरात!”

लंकाबाईचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला. पदराआड तिचीही जट होती, कमरेपर्यंत लोंबणारी. बाळंतपणात केसांचा असाच गुंता झाला आणि गावातल्या निवृत्ती भगताने बजावलं, “कापलीस तर नवरा जाईल.” तेव्हापासून मान ठणकायची, उवा डोकं पोखरायच्या, द्राक्षबागेत वर बघून काम होत नसे. तरी तिने कात्री जवळ केली नाही. नवरा सोमनाथ बिबट्या फिरतो त्या उसात एकटा पाणी भरायला जाणारा गडी. बायकोच्या केसांना हात लावायला मात्र तोही धजत नसे.

सुलाबाईने भगताला बोलावून आणलं. त्याने पोरीच्या केसांवर हळदकुंकू टाकलं आणि निवाडा दिला, “शाळा बंद. लग्न नाय. ही आता देवीची. मंगळवार-शुक्रवार जोगवा मागायचा.”

“मला शाळेत जायचंय,” वेदिका म्हणाली.

भगत खाली वाकला. आवाज अगदी मऊ होता. “जा की. पण तुझा बाप रक्त ओकून मरंल. चालंल?”

वेदिकाने दारात उभ्या बापाकडे पाहिलं. मग दप्तर उचलून कोपऱ्यात ठेवलं. “मी नाय जाणार. पप्पांना काय करू नका.”

बारा वर्षांच्या पोरीपुढे बापाचा जीव टांगायचा आणि वर त्याला देवीचं नाव द्यायचं! लंकाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. फळीवरची द्राक्षं विरळायची कात्री तिने ओढली.

“बाबा, माझी जट कापते. हे किती दिसात मरतील, सांगा.”

“देवीची वेळ देवी ठरवती.”

“म्हंजे म्हातारे होऊन गेले तरी तुमचंच खरं? अन् तवर आम्ही रोज मरायचं?”

“लंके, माझं पोरगं जाईल गं!” सुलाबाईने हंबरडा फोडला.

लंकाबाईचा हात मागे पुरेना. तिने कात्री नवऱ्यापुढे धरली. “अहो, जीव तुमचा हाय. तुम्हीच बोला.”

सोमनाथने कात्री हातात घेतली. “भ्या वाटतंय,” तो म्हणाला, “पण पोरीला नाय देणार.” त्याने जट कापली. भगत शिव्याशाप देत निघून गेला.

वेदिकाचा गुंता खोबरेल तेलाने सुटला, कात्रीही लागली नाही. ती शाळेत जाऊ लागली. पण पुढे कितीतरी दिवस ती झोपलेल्या बापाच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे का बघायची. ते दिसलं की लंकाबाई दात-ओठ खायची.

एका मंगळवारी ती सोमनाथला घेऊन भगताच्या अंगणात गेली. जटा वाढवलेल्या बाया रांगेत बसल्या होत्या. तिने डोक्यावरचा पदर काढून कापलेले केस दाखवले, नवऱ्याला पुढे उभं केलं.

“बायांनो, हा माझा नवरा. जिता हाय. या, हात लावून बघा.”

 रांगेतली शेवटची एक म्हातारी, वाकलेली मान सावरत, उठली.